पुढच्या टाकीची नोंद

१

मास्तरीणबाईंनी सकाळचा चहा घेतला आणि पंधरा मिनिटांत त्या कठड्याला धरून ओकायला लागल्या. त्यांच्यामागोमाग औषधाच्या दुकानाचे मालक, मग त्यांची बायको, असं करत करत दुपारपर्यंत चोवीस उतारूंपैकी अकरा जण आडवे झाले. ‘बोट लागली असेल,’ असं आधी सगळ्यांना वाटलं. पण त्या दिवशी समुद्र शहाण्या मुलासारखा गप्प पडून होता, आणि मास्तरीणबाई तर वीस वर्षं याच बोटीने जा-ये करत होत्या. त्यांना कधी साधी मळमळसुद्धा झाली नव्हती. घसा जळजळतोय, डोकं ठणकतंय, तोंडाला रंगाचा वास येतोय, अशी सगळ्यांची एकच तक्रार. शेवटी मालकीणबाईंनी अर्ध्या वाटेतून बोट मागे फिरवली.

सगळे वाचले, हे आधीच सांगितलेलं बरं; उगाच कुणाच्या जिवाला घोर नको. मास्तरीणबाईंना तेवढं दोन दिवस दवाखान्यात राहावं लागलं. डॉक्टर म्हणाले, पाणी. बोटीच्या स्वयंपाकघरातला नळ उघडला, तर नवा रंग दिलेल्या खोलीत शिरल्यासारखा वास. ते पाणी येत होतं पुढच्या टाकीतून. आणि त्या टाकीला आतून नवा रंग लागला होता सोमवारी, बोट सुटली होती बुधवारी आणि माणसं पडली होती गुरुवारी.

टाकी दुरुस्त करणारे होते मालकीणबाईंचे सख्खे वडील. वय चौऱ्याहत्तर. अख्खं बंदर त्यांना टाकीतात्या म्हणायचं. पन्नास वर्षं त्यांनी बोटींच्या गोड्या पाण्याच्या टाक्यांत शिरून गंज खरवडला होता, भोकं बुजवली होती, रंगाचे हात दिले होते. त्यांच्या हातच्या टाकीतलं पाणी तान्ह्या बाळाला पाजावं, असं लोक बोलायचे. आता तेच लोक म्हणत होते, म्हाताऱ्याला हल्ली काही आठवत नाही, आणि असल्या माणसाच्या हातात टाकी दिलीच कशी?

पुढच्या सोमवारी सकाळी बंदर कचेरीने पाणीबाईंना पाठवलं. यांचंही खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यांनाही त्याची खंत नव्हती. एकतीस वर्षं पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. पाणी कुठल्या नळाचं, हे त्या जिभेच्या टोकाला थेंब लावून सांगायच्या आणि डॉक्टरांच्या शिव्या खायच्या. कचेरीने त्यांच्या हातात एक कागद दिला होता. त्यावर दोन चौकोन होते. ‘दुरुस्ती करणाऱ्याची चूक’ यावर खूण केली, तर टाकी साफ करून बोट आठवड्यात पुन्हा सुटणार. ‘चालवणाऱ्याची चूक’ यावर केली, तर बोट महिनाभर धक्क्याला बांधलेली.

“बाई, लवकर उरकलंत तर बरं होईल,” मालकीणबाई बोटीवर चढायच्या फळीवरच म्हणाल्या. पंचेचाळिशीची, उन्हाने रापलेली, रडून डोळे सुजलेली बाई. “बाबांना चारच्या बसने दादाकडे पाठवतेय. तिथे चौथा मजला आहे, लिफ्ट आहे, सगळं आहे. बोट मात्र नाही.”

“आणि ते जायला तयार आहेत?”

“ते काहीच म्हणत नाहीत,” मालकीणबाई म्हणाल्या. “तेच तर बघवत नाही हो.”

२

टाकीतात्या मागच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसले होते. त्यांच्या बोटांच्या पेरांत जुना रंग इतका मुरला होता की तो आता कातडीचाच झाला होता. बाजूला बांधलेली पिशवी होती. पाणीबाईंना पाहून ते उठले.

“चहा घेतलात का?”

“घेईन नंतर. तात्या, टाकीचं काय झालं ते सांगा.”

तात्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि पाणीबाईंना नवल वाटलं, कारण माणूस घड्याळासारखा बोलत होता. पंचेचाळीस वर्षांची बोट, पोलादी टाक्या. पुढची नऊशे लिटरची, मागची बाराशेची. पुढच्या टाकीच्या खालच्या सांध्याला सुईएवढं भोक पडलं होतं. टाकी रिकामी केली, पुसली, गंज घासून पत्रा पांढरा केला, भोकावर ठिगळ बसवलं, पिण्याच्या पाण्याला चालणारा रंग आणला, दोन हात दिले. मंगळवारी डोळे दाखवायला मुलाकडे गेले. शुक्रवारी परत आले, तेव्हा धक्क्यावर ही बातमी.

“आणि जाताना वहीत नोंद केलीत.”

“केली. लेकीचा हुकूम आहे. आठवत नाही ना, मग लिहून ठेवा, म्हणते. बरोबरच आहे तिचं.”

मालकीणबाईंनी वही उघडून समोर धरली. थरथरत्या पण सुबक अक्षरात सोमवारच्या तारखेखाली एकच ओळ होती: ‘पुढची टाकी वाढवली.’

पाणीबाईंनी ती दोनदा वाचली. “तात्या, तुम्ही टाकी वाढवलीत?”

“वाढवली की. लिहिलंय ना.”

“कितीने वाढवलीत?”

तात्या गोंधळले. “कितीने म्हणजे? टाकी काय अर्धीमुर्धी वाढवतात? पूर्ण वाढवली.”

मालकीणबाईंनी तोंड फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला. लेकीला रडताना पाहून तात्यांचा चेहरा पडला. काय चुकीचं बोललो ते त्यांना कळेना, पण काहीतरी चुकलं हे कळलं. ते खाली बसले.

“जाऊ द्या, बाई,” ते हळू आवाजात म्हणाले. “मीच चुकलो असणार. आपल्याला वाटतं, आपण केलं. पण टाकीचं पाणी सोडायचा कॉक उघडा सापडला म्हणतात. मग मीच विसरलो. माझ्या हातून अकरा माणसं मेली असती.”

पाणीबाईंनी नऊशे लिटरच्या टाकीची लांबी, रुंदी, खोली मोजून पाहिली. टाकी होती तेवढीच होती, तसूभरही वाढलेली नव्हती.

३

“आता पटलं?” मालकीणबाईंनी विचारलं. स्वयंपाकघराच्या जमिनीतली फळी उचललेली होती आणि खाली टाकीचं गोल झाकण उघडं होतं. “मी दोन वर्षं मागे लागले होते, बाबा, पाणी पुरत नाही, पुढची टाकी वाढवा. ते म्हणायचे, जुन्या बोटीच्या पोटात जागा कुठे आहे? आणि आता वाढवली म्हणून लिहून मोकळे! न केलेलं काम केलं असं वाटायला लागलं, बाई, म्हणजे पुढे काय राहिलं?”

पाणीबाईंनी पोटावर पडून झाकणातून हात आत घातला. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी हे आसन बरं दिसत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, पण सत्य नेहमी खुर्चीत बसून हाती लागत नाही. नखाने रंग खरवडला. चिक्कीच्या गुळासारखा मऊ, जागोजागी फोड आलेले. त्यांनी रिकामा डबा मागवून वाचला. रंग अगदी योग्य होता, पण पाणी भरण्याआधी तो पूर्ण वाळायला हवा होता. ओल्या रंगावर पाणी पडलं आणि घात झाला. म्हणजे प्रश्न रंगाचा नव्हता, घाईचा होता.

“तात्या नेहमी असे विसरतात?”

“काय सांगू? चष्मा इंजिनाच्या खोलीत सापडतो. कवळी साखरेच्या डब्यात. कॉकचा दांडा या वहीवर. एकदा चपला माझ्या अंथरुणात. परवा मला आईच्या नावाने हाक मारली. आई जाऊन अकरा वर्षं झाली.”

चुलीपाशी स्वयंपाकीण अक्का भांडी घासत होती. तिने मान वर न करता म्हटलं, “मला आठवडाभर सर्दी. नाक असतं तर चहा टाकलाच नसता. लिहा माझंही नाव तुमच्या कागदावर. नाक चोंदलं, ही चूक.”

“नळाला पाणी कुठल्या टाकीचं येतं, ते तू ठरवतेस?”

“मी कशाला? मी नळ उघडते. टाक्यांचं सगळं त्या वंगण्याकडे.”

वंगण्या म्हणजे इंजिनवाला. चाळिशीचा, दोन महिन्यांपूर्वी लागलेला, कानाच्या पाळीपासून टाचेपर्यंत काळा. तो दारातच उभा होता. पाणीबाईंनी विचारलं, “बुधवारी निघताना पुढच्या टाकीचा कॉक कसा होता?”

“उघडा,” तो पटकन म्हणाला. “आधीपासूनच उघडा. दांडा जागेवर.”

फारच पटकन म्हणाला. पाणीबाईंनी एकतीस वर्षं पाण्याबरोबर पाणी भरणारी माणसंही तपासली होती. न विचारलेल्या दांड्याचं उत्तर याने का दिलं?

४

बोटीच्या नाकात दोरखंड आणि गाद्या ठेवायची छोटी कोठी होती. जावई, म्हणजे मालकीणबाईंचे यजमान, तिथे गाद्या उचलून उन्हात टाकत होते. भिंतीवर खडूने एक मोठा चौकोन आखलेला होता.

“हे काय?”

जावई ओशाळले. “नव्या प्लॅस्टिकच्या टाकीची जागा. दोन आठवड्यांपूर्वीच आखली. तुम्हाला वाटेल, सासऱ्यांना घालवायला मीच हे कुभांड रचलं. पण बाई, गेल्या वर्षी ते त्या भोकातून आत उतरले आणि वर येताना त्यांचा गुडघा अडकला. अर्धा तास मी वरून त्यांचा हात धरून होतो. तेव्हाच ठरवलं, बस झालं. प्लॅस्टिकची टाकी खरवडायला कुणाला आत जावं लागत नाही.”

पाणीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. खोटं बोलणारा माणूस इतका लाजत नाही. “बुधवारी बोट भरताना तुम्ही कुठे होतात?”

“तिकिटं फाडत होतो. धक्क्यावर. चोवीस साक्षीदार आहेत, त्यातले अकरा जरा नाराज आहेत.”

पाणीबाईंना हसू आलं. मग त्यांचं लक्ष गादीकडे गेलं. गादी खालून ओली होती, पुठ्ठ्याची खोकी फुगून फुटली होती. “इथे पाणी कसं आलं?”

“वंगण्या म्हणाला, लाट आली.”

“त्या दिवशी? समुद्र तर झोपला होता म्हणे.” पाणीबाईंनी गादी दाबून बोट ओलं केलं आणि जावयांनी ‘अहो, अहो’ म्हणेपर्यंत जिभेला लावलं. मग रुमालात थुंकल्या. “मीठ नाही. गोडं पाणी आहे. आणि रंगाचा वास.”

कोठीच्या कोपऱ्यात बोटाएवढी नळी वर आली होती. टाकी भरताना आतली हवा निघून जावी म्हणून असते ती. नव्या बोटींत ती बाहेर काढतात, या म्हातारीत मात्र आतच होती. टाकी भरून वाहिली, की पाणी इथे येणार.

वंगण्याला बोलावलं. पाणीबाईंनी त्याला बसायला सांगितलं, अक्काला त्याच्यासाठी चहा आणायला सांगितलं आणि मगच विचारलं, “पुढची टाकी धक्क्याच्या नळीने भरायला किती वेळ लागतो?”

“चाळीस मिनिटं.”

“बुधवारी किती वेळ भरलीस?”

वंगण्याने कपात पाहिलं. कपात उत्तर नव्हतं. “दीड तास,” तो म्हणाला, आणि मग धरणाचा दरवाजा उचलल्यासारखं सगळं बाहेर आलं. “मला काय माहीत, बाई! मला सांगितलं, टाकी आता मोठी झालीय, भरपूर भर. मी नळी लावून डिझेल मोजायला गेलो. येऊन बघतो तर कोठीत तळं. भ्यायलो. दोन महिन्यांची नोकरी. घरी तीन पोरी आहेत. लाट आली म्हणालो.”

“आणि कॉक?”

“दांडाच नव्हता त्याला. मला हातात दिला आणि सांगितलं, बसवून टाक. मी बसवला, उघडला.”

“कुणी दिला?”

वंगण्याने दाराकडे पाहिलं. दारात मालकीणबाई उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“मी,” त्या म्हणाल्या. “वहीवर पडला होता. म्हटलं, टाकी वाढवली, पण दांडा बसवायला विसरले. त्यात लपवण्यासारखं काय आहे? वाढवली असं त्यांनीच लिहिलं होतं!”

घड्याळात दीड वाजला होता. बसला अडीच तास होते, आणि पाणीबाईंना अजून एक गोष्ट कळत नव्हती. जो माणूस सुईएवढं भोक शोधतो, तो न वाढवलेली टाकी वाढवली म्हणून का लिहील?

५

बंदराच्या रस्त्यावर रंगाचं दुकान होतं. दुकानदार तात्यांच्याच वयाचा, चष्म्याला दोरा बांधलेला.

“तात्या? गेली चाळीस वर्षं माझ्याकडून रंग नेतो. या खेपेला तीनदा विचारलं, गार हवेत वाळायला किती दिवस? मी तीनदा सांगितलं, सात. शेवटी तळहातावर लिहून घेतलं त्याने. मी हसलो. आता वाटतं, हसायला नको होतं.”

पाणीबाईंनी मनात जुळवून पाहिलं. ज्याला आपण विसरू अशी धास्ती असते तो दहादा विचारतो. बेफिकीर माणूस एकदाही विचारत नाही. सात दिवस हे तात्यांना पक्कं ठाऊक होतं. मग त्यांनी कॉक उघडा ठेवून डोळे दाखवायला जाणं शक्यच नव्हतं. आणि दांडा? दांडा साखरेच्या डब्यात नव्हता, अंथरुणात नव्हता. वहीवर होता. वही उघडणाऱ्याला आधी दांडा उचलावा लागेल, असा.

एकदा माणूस विसरभोळा ठरला, की त्याच्या शहाणपणाच्या गोष्टीही विसरण्यातच जमा होतात. पाणीबाईंना त्यांची आई आठवली. शेवटच्या वर्षी आईने किल्ल्या हरवल्या म्हणून त्या तिच्यावर चिडल्या होत्या, नको ते बोलल्या होत्या. किल्ल्या सापडल्या त्यांच्याच कपाटात, त्यांनीच ठेवलेल्या. तोवर आई माफ करण्याच्या पलीकडे गेली होती.

“बाई, तुम्हाला अजून काही हवंय का?” दुकानदार खांद्यावर पंचा टाकत म्हणाला. “नाही म्हणजे, जेवणाची वेळ झाली. दुकान वाढवतो आता.”

“वाढवा, वाढवा,” पाणीबाई म्हणाल्या आणि दोन पावलं चालून जागच्या जागी थांबल्या.

दुकानदाराने फळ्या लावायला सुरुवात केली होती. एक, दोन, तीन. दुकान वाढत होतं, म्हणजे बंद होत होतं.

पाणीबाई बंदराकडे जवळजवळ पळत सुटल्या.

६

“तात्या,” त्या धापा टाकत म्हणाल्या, “तुमच्या घरात बांगडी फुटली, तर काय म्हणायचं?”

तात्यांनी पिशवी हातात घेतलेली होती. त्यांनी कपाळाला आठी घातली. “बांगडी फुटली कसं म्हणायचं? वाढवली म्हणायचं.”

“दिवा?”

“वाढवला. दिवा विझवला म्हणू नये.”

“दुकान?”

“वाढवलं. बाई, हे तर शेंबडं पोरही सांगेल. चहा घेतलात का तुम्ही?”

“घेते. आणि टाकी?”

“टाकी वाढवली,” तात्या म्हणाले.

“म्हणजे काय केलं?”

“म्हणजे वाढवली!” आता म्हातारा वैतागला. “कॉक फिरवला, दांडा काढला, वहीवर ठेवला. सात दिवस तिला हात लावायचा नाही, मागच्या टाकीचं पाणी प्यायचं. दुसरं काय असणार? माझे वस्ताद सांगायचे, बोटीवर गोड्या पाण्याला ‘बंद’ हा शब्द लावू नये. भर समुद्रात तेवढाच तर एक आधार असतो. मी पन्नास वर्षांत कधी लावला नाही.”

मालकीणबाई वहीकडे बघत होत्या. तीच ओळ, तीच अक्षरं. दुकान वाढवलं, हे त्या जन्मभर ऐकत आल्या होत्या. पण टाकीचं काम तात्या आजवर तोंडी सांगायचे, समोर उभं राहून, हात हलवत. त्यांचा हा शब्द कागदावर पहिल्यांदाच आला होता. आणि तो वाचणारीच्या डोक्यात दोन वर्षं एकच घोकणं चाललं होतं, टाकी वाढवा, टाकी वाढवा.

“मला इतका आनंद झाला होता,” मालकीणबाई म्हणाल्या. “म्हटलं, बाबांनी ऐकलं माझं. वंगण्याला ओरडून सांगितलं, भर भरपूर. बाबा, तुम्ही काहीच विसरला नव्हता. मी सांगितलं तसं लिहिलंत, दांडा वर ठेवलात. आणि मी जगभर सांगत सुटले, माझ्या बापाला वेड लागलंय.”

तात्या लेकीकडे पाहत राहिले. चार दिवस जे ओझं ते छातीवर घेऊन बसले होते ते उतरलं, हे त्यांच्या खांद्यांवरून दिसलं. पण ते उतरून कुणाच्या डोक्यावर गेलं, हेही त्यांना लगेच दिसलं. शेवटी बापच तो. ते पाणीबाईंच्या जवळ आले आणि हळूच म्हणाले,

“बाई, तुमच्या कागदावर माझंच नाव राहू द्या. म्हातारा विसरला, असं लिहा. सगळ्यांना पटतंय, मग बिघडलं कुठे? मी चारच्या बसने निघालोच आहे. हिची बोट महिनाभर बांधून घालू नका.”

खरं सांगायचं तर एक क्षण पाणीबाईंचं पेन त्या पहिल्या चौकोनाकडे वळलंही. एवढी वर्षं खरं तेच लिहिलेल्या बाईच्या आयुष्यात असा क्षण एखादाच येतो.

“द्या इकडे,” मालकीणबाई म्हणाल्या. त्यांनी कागद ओढून घेतला, दुसऱ्या चौकोनावर ठसठशीत खूण केली आणि खाली लिहिलं: ‘नोंद बरोबर होती. वाचणारीची चूक.’ सही केली. वंगण्या पुढे आला आणि म्हणाला, नळी माझ्या हातात होती, माझीही सही घ्या. अक्काने नाकाचं पुन्हा सांगितलं. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

“मी बसवाल्याला सांगून येतो,” जावई म्हणाले आणि निघून गेले.

पाणीबाईंनी कागदाची घडी घातली. मालकीणबाई त्यांना फळीपर्यंत सोडायला आल्या. “बाई, एक विचारू? बाबा खरंच विसरतात हो. आईच्या नावाने हाक मारली ते काही मी मनाचं नाही सांगितलं. आज ठेवून घेतलं, पण उद्या?”

“विसरतात,” पाणीबाई म्हणाल्या. “मला आज दोनदा चहा विचारला, तिसऱ्यांदाही विचारतील. पुढे आणखी विसरतील, ते तुम्हाला निभवावं लागेल. त्यांना एकट्याला टाकीत उतरू देऊ नका. पण काय विसरले आणि काय नाही, हे दर वेळी त्यांनाच विचारा. माझी वेळ निघून गेली. तुमची आहे अजून.”

मालकीणबाई परत गेल्या तेव्हा तात्या पोटावर पडून टाकीत डोकावत होते आणि बिघडलेल्या रंगाला शिव्या घालत होते. सगळा खरवडायचा, पुन्हा दोन हात द्यायचे, पुन्हा सात दिवस, मग जंतुनाशक पावडर टाकून धुवायची, तीनदा.

“बाबा, आत जावई उतरतील. तुम्ही वरून सांगा. आणि वही मी लिहिणार. तुम्ही सांगायचं, मी लिहायचं, आणि अडलं तिथे विचारायचं.”

“लिही,” तात्या उठून बसत म्हणाले. लेक त्यांच्यापाशी जमिनीवर मांडी घालून बसली. “पुढची टाकी...”

ते थांबले. लेकीचं पेन कागदावर टेकलं होतं. म्हाताऱ्याने एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि हात जोडून मनातल्या मनात वस्तादांची माफी मागितली.

“बंद,” ते म्हणाले. “लिही पोरी, स्पष्ट लिही. पुढची टाकी बंद आहे.”